टीव्हीएस गोल्ड बदलायचा आहे: इनस्क्रिप्टमध्ये दिवसभर टाइप करणाऱ्यांसाठी एर्गोनॉमिक मेकॅनिकल कीबोर्ड कोणता?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहते आणि इंग्रजी-मराठी अनुवाद करते. रोज सहा-सात तास टायपिंग, महिनाअखेरीला नऊ-दहा. गेली चौदा वर्षं माझ्याकडे टीव्हीएस गोल्ड आहे, रुपयाचं चिन्ह छापलेला. आत चेरी कंपनीचे निळे स्विच, प्रत्येक बटणाला खट् आवाज. बँकेत, कोर्टात, रेल्वेच्या खिडकीत तुम्ही हाच ऐकला असेल. अजून एक बटण अडकलेलं नाही. कीबोर्डबद्दल काडीची तक्रार नाही, तक्रार माझ्या हाताची आहे.

उजव्या मनगटाची बाहेरची कड, म्हणजे करंगळीकडची, संध्याकाळी ठणकते. दोन महिन्यांपासून रात्री करंगळी बधिर होऊन जाग येते. डॉक्टरांना दाखवलं, व्यायाम सुरू आहेत. त्यांनीच विचारलं, "टाइप करताना मनगट बाहेर वळतं का?" बसून पाहिलं तर वळतंच. खांदे रुंद, कीबोर्ड अरुंद. कोपर अंगाजवळ ठेवून दोन्ही हात मधल्या बटणांवर आणले की मनगट करंगळीच्या बाजूला मोडणारच.

म्हणून दोन भागांचा किंवा मध्ये वाकवलेला कीबोर्ड घ्यायचा विचार आहे. मेकॅनिकलच हवा, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला; रबरी पडद्याचे मऊ कीबोर्ड मला जमत नाहीत. बजेट पंधरा हजारांपर्यंत, अगदीच पटलं तर थोडं वर. यूट्यूबवर जे काही सापडतं ते सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्या प्रोग्रामर मंडळींचं. इनस्क्रिप्टमध्ये (प्रत्येक बटणावर देवनागरी अक्षर ठरलेलं असतं ती मांडणी) मराठी टाइप करणाऱ्या कुणी असा कीबोर्ड वापरला आहे का?

हिंजवडीकर
ताई, कोर्न घ्या. ४२ बटणं, दोन वेगळे अर्धे, प्रत्येक बोट जास्तीत जास्त एक बटण इकडे-तिकडे सरकतं. आकडे आणि चिन्हं लेयरवर जातात, म्हणजे अंगठ्याने एक बटण धरलं की त्याच जागी आकडे येतात. शिवाय उभे रकाने बोटांच्या लांबीनुसार वर-खाली असतात. आपल्या नेहमीच्या कीबोर्डवरच्या ओळी तिरक्या सरकलेल्या का असतात? जुन्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखालच्या दांडीला वाट हवी होती म्हणून. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. मी तीन वर्षं कोर्न वापरतोय, मराठी फोनेटिकने टाइप करतो, काही अडत नाही.

कृष्णाकाठ
धन्यवाद. कोर्नचा फोटो काढून त्यावर पेन्सिलीने इनस्क्रिप्टची अक्षरं लिहिली. पीच्या शेजारी, जिथे चौकटी कंस असतो, तिथे इनस्क्रिप्टमध्ये ड आणि ढ येतात. कोर्नवर त्या जागी मुळात बॅकस्पेस असतं, चौकटी कंसाचं बटणच नाही. त्यापलीकडच्या बॅकस्लॅशवर ॉ आणि ऑ, तेही नाही. बरोबरच्या चिन्हावर ृ, तेही नाही. म्हणजे 'डॉक्टर' लिहायला पहिल्या दोन ठोक्यांनाच लेयर. 'वाडा', 'झाड', 'थोडं', 'कडे', 'पुढे', 'ऑफिस', 'कृती'... मराठीत ड किती येतो ते माझी करंगळी सांगेल. फोनेटिकवाल्यांना हे जाणवणार नाही, कारण त्यांचा ड इंग्रजी डीवरच बसलेला असतो.

हिंजवडीकर
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. इनस्क्रिप्ट कधी वापरलंच नाही. मग कोर्नची शिफारस मागे घेतो.

हाडवैद्य_नव्हे
मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळ पोस्टमधल्या एका वाक्यावर थांबते: रात्री करंगळी बधिर होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग ही मीडियन नर्व्ह या नसेची हद्द; मनगटात तिच्यावर दाब येतो त्याला सगळे कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग अल्नर नर्व्हचा. ती कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खोबणीतून जाते. कोपर आपटला की झिणझिणी येते ती हीच. त्यामुळे काही प्रश्न:

टाइप करताना कोपर खुर्चीच्या कडक हातावर किंवा टेबलाच्या कडेवर टेकलेलं असतं का? झोपताना हात दुमडून उशीखाली जातो का? रात्री फोन कानाशी किंवा डोळ्यांसमोर धरून बराच वेळ कोपर वाकलेलं राहतं का? कोपर जास्त वेळ वाकलेलं राहिलं की ही नस ताणली जाते. यातलं काही असेल तर कितीही महागडा कीबोर्ड आणा, रात्रीचा बधिरपणा तिथेच राहील.

आणि कीबोर्डच्या मागचे दोन पाय आजच आत दुमडा. ते उघडले की मागची कड उंचावते आणि मनगट वरच्या दिशेने मोडतं. आपल्याकडची बरीच टेबलं ७५ सेंटिमीटर उंच असतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ती जास्त होतात, मग खांदे उचलून टाइप करावं लागतं. खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. बोटांची ताकद कमी झाल्यासारखी वाटली, वस्तू हातातून निसटायला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा.

कृष्णाकाठ
कोपर खुर्चीच्या लाकडी हातावरच असतं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आहेत. पाय दुमडले, देवघरातला जुना पाट पायांखाली घेतला. मनापासून आभार.

शिळाछाप
डीटीपीत बावीस वर्षं गेली, आधी श्रीलिपी, आता युनिकोड. माझं मत सरळ आहे: टीव्हीएस सोडू नका. हात त्याला बसलेला आहे. टेबल, खुर्ची, कोपर हे आधी नीट करा आणि महिनाभर बघा. वेगळी मांडणी शिकलात की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसल्यावर हात चुकतो. आमच्या इथे एका मुलाने असला कीबोर्ड आणला, मग ग्राहकाच्या ऑफिसात जाऊन दुरुस्त्या करायच्या वेळी त्याची पंचाईत झाली. अनुवादाला मुदती असतात. तीन आठवडे निम्म्या वेगाने काम करणं परवडेल का?

कृष्णाकाठ
तुमचा मुदतींचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो. म्हणून काही विकत घेण्याआधी काल एक प्रयोग केला, तो इथे सविस्तर लिहिते. एकही रुपया लागत नाही, कुणालाही करता येईल.

घरात एक जुना साधा यूएसबी कीबोर्ड पडून होता. दोन्ही कीबोर्ड एकाच कॉम्प्युटरला जोडले. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही थोडे तिरके, पुढच्या हातांच्या रेषेत. डाव्या कीबोर्डचा डावा अर्धा वापरायचा, उजव्याचा उजवा. विंडोजमध्ये एका कीबोर्डवर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबलं तरी चालतं. दोन अर्ध्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मनगट सरळ झालं. खांदे मोकळे झाले. दोन तास काम केलं, वेग फारसा पडला नाही, कारण बटणं जागच्या जागी होती.

पण कडेची कळ थांबली नाही. मनगट सरळ असूनही करंगळी दमत होती. मग बोटांकडे बघत सावकाश टाइप केलं.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. शाळेत शिकवावी अशी सुंदर रचना आहे, क-ख, ग-घ, त-थ अशा जोड्या एकाच बटणावर. पण जोडीतलं दुसरं अक्षर शिफ्टने येतं. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ सगळे शिफ्टवर. ण, ळ, श, ष शिफ्टवर. आणि शब्दाच्या सुरुवातीला येणारे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सुद्धा शिफ्टवर. हे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर असल्यामुळे शिफ्ट धरायची उजव्या करंगळीने.

"आई आली आहे आणि" एवढंच लिहून बघा. अकरा अक्षरठोके, त्यात सहा वेळा शिफ्ट. सहाही वेळा उजवी शिफ्ट, कारण आ, ई, ण तिन्ही डाव्या हाताचे. त्याच उजव्या करंगळीकडे च, ज, ट, ड, य ही व्यंजनं आहेत. त्याच करंगळीकडे एंटर आणि बॅकस्पेस. इंग्रजी टाइप करणाऱ्याला शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागते, आपल्याला जवळजवळ प्रत्येक शब्दात. आणि दोन्ही अंगठे, हातातली सगळ्यात दणकट बोटं, एका लांब स्पेसबारवर बसून असतात.

तेव्हा माझा प्रश्न बदलला आहे. मला असा कीबोर्ड हवा की ज्यात मनगट सरळ राहील, उजवीकडची ड, ट, ॉ ची बटणं शाबूत असतील आणि शिफ्ट अंगठ्याखाली आणता येईल.

संत्रानगरी
वा! आता बोलता येतं. मी नागपुरात हौसेने कीबोर्ड जोडतो. तुम्हाला हवं ते सगळं क्यूएमके किंवा व्हीआयए ही बटणांची कामं बदलायची सॉफ्टवेअर चालणाऱ्या कीबोर्डवर होतं. व्हीआयएमध्ये ब्राउझर उघडायचा, पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, बटणावर क्लिक करून त्याचं काम बदलायचं. बदल कीबोर्डच्या आतच साठतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी शिफ्ट अंगठ्याखालीच राहते. इनस्क्रिप्ट विंडोजचं, बटणांची जागा कीबोर्डची, दोघांचं भांडण होत नाही.

किट जोडायचं असेल तर लिली५८ बघा. ५८ बटणं, आणि बी-एनच्या आतल्या बाजूला दोन जास्तीची बटणं, ज्यांच्यावर मुळातच चौकटी कंस असतात. म्हणजे ड तर्जनीखाली येतो! पण सोल्डरिंग करावं लागतं, आणि दोन अर्धे जोडणारी ऑडिओसारख्या पिनची केबल कॉम्प्युटर चालू असताना काढायची नाही. पिन सरकताना शॉर्ट होऊन कंट्रोलर जळू शकतो. माझा एक असाच गेला.

जर्सीतली_मावशी
मी न्यू जर्सीत वैद्यकीय टंकलेखन करते, कायनेसिस ॲडव्हांटेज२ वर. ही कंपनी १९९२ पासून वाटीसारखे खोलगट कीबोर्ड बनवते. बोटं वाटीत उतरतात आणि प्रत्येक अंगठ्याला सहा बटणं मिळतात: डाव्या अंगठ्याला बॅकस्पेस आणि डिलीट, उजव्याला एंटर आणि स्पेस. तुमच्या करंगळीचं निम्मं ओझं पहिल्याच दिवशी उतरेल. मी डिलीटच्या जागी शिफ्ट केली आहे. चौकटी कंस उजव्या हाताच्या सगळ्यात खालच्या ओळीत आहेत, तिथे अनामिका आणि करंगळी आत दुमडून जातात. इंग्रजीला ठीक, पण दर दोन ओळींत ड येत असेल तर मला शंका आहे. आईला पत्र मी इनस्क्रिप्टमध्येच लिहिते, आणि तेव्हा ड ला अडखळतेच. सवय व्हायला मला पूर्ण तीन आठवडे लागले. किंमत तुमच्या बजेटच्या बरीच वर जाईल, त्यात कस्टम ड्यूटी आणि पाठवणावळ.

संत्रानगरी
मावशींचं बरोबर आहे. झेडएसएचा मूनलँडर आणि व्हॉयेजर हेही उत्तम, पण ३६५ डॉलरच्या घरात, वर ड्यूटी. शिवाय व्हॉयेजर ५२ बटणांचा, ड ची जागा पुन्हा शोधावी लागणार.

ताईंच्या अटींत दोन प्रकार बसतात. एक, नेहमीची तिरकी मांडणी तशीच ठेवून मधोमध कापलेले: कायनेसिसचा फ्रीस्टाइल एज, कीक्रॉनचा क्यू११. सगळी बटणं जागेवर, स्पेसबारचे दोन तुकडे. फ्रीस्टाइलला वेगळा स्टँड लावून ५, १० किंवा १५ अंशांत आतली कड उचलता येते, म्हणजे तळहात थोडे एकमेकांकडे वळतात. क्यू११ ॲल्युमिनियमचा, जड, आणि सपाटच राहतो. दोन, ॲलिस मांडणी: एकच तुकडा, पण दोन्ही अर्धे कोनात वळवलेले आणि स्पेसबार दोन. कीक्रॉनचे व्ही८, व्ही१० असे. अर्धे हवे तितके लांब नेता येत नाहीत, पण मनगटाचा बाहेरचा वळसा बराच जातो आणि शिकण्यात वेळ मोडत नाही.

शिळाछाप
ॲलिस असेल तर माझा विरोध मागे. अक्षरं जागेवर राहणार असतील तर हात चुकणार नाही. शिफ्टचं तेवढं बघा, अंगठ्याची सवय लागली की साध्या कीबोर्डवर 'आणि'चा 'ामि' होईल.

हाडवैद्य_नव्हे
ॲलिसला दुजोरा. त्यात नंबरपॅड नसलेला घ्या. नंबरपॅड गेला की माउस वीतभर आत येतो आणि उजवा खांदा बाहेर ताणला जात नाही. तुमचा त्रास उजवीकडेच आहे, त्यामुळे हा फायदा लहान समजू नका.

कृष्णाकाठ
स्विचबद्दल एक विचारायचं राहिलं. निळ्या स्विचचा खट् आवाज मला आवडतो, पण रात्री अकरानंतर शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात.

संत्रानगरी
निळ्याला ठोका कळतो, पण दाबही जास्त लागतो, साधारण ६० सेंटिन्यूटन. लाल स्विच ४५ वर चालतो, पण त्यात ठोका नसतो, सरळ खाली जातो. ठोका हवा आणि आवाज नको, तर सायलेंट टॅक्टाइल प्रकार बघा, बोबा यू४ सारखे. मात्र हॉट-स्वॅप कीबोर्डच घ्या, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग नाही. आधी पाच-दहा सुटे स्विच मागवा, करंगळीच्या बटणांखाली बसवून आठवडाभर बघा. जड वाटले तर करंगळीपुरते हलके ठेवा. सगळे स्विच एकसारखे असायलाच हवेत असं काही नाही.

आणि स्विचचा प्रवास चार मिलिमीटर असला तरी अक्षर मध्यावरच, दोन मिलिमीटरच्या आसपास उमटतं. निळ्याची सवय असलेले लोक तळापर्यंत ठोकतात. तो तळाचा दणका बोटांच्या सांध्यात जातो.

कृष्णाकाठ
*(सात आठवड्यांनंतर)*
विचारणाऱ्यांचे निरोप येत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ॲलिस मांडणीचा, नंबरपॅड नसलेला, हॉट-स्वॅप, व्हीआयए चालणारा कीबोर्ड घेतला. बजेटात बसला. सायलेंट टॅक्टाइल स्विच सगळीकडे, फक्त ड, ट आणि च या तीन बटणांखाली हलके लाल.

माझी मांडणी अशी. उजवा स्पेसबार स्पेसच, कारण मी स्पेस नेहमी उजव्या अंगठ्यानेच देत आले. डावा स्पेसबार शिफ्ट. कॅप्सलॉक मराठीत मला लागतच नाही, तिथे बॅकस्पेस. माझ्या कीबोर्डवर बीचं बटण दोन्ही अर्ध्यांत आहे. बीवरचा 'व' मी डाव्या तर्जनीने देते, म्हणून उजवीकडच्या बीवर एंटर बसवलं. आता उजव्या करंगळीकडे तिची स्वतःची व्यंजनंच उरली आहेत.

शिफ्ट हलवल्यावर पहिले चार दिवस वाईट गेले. 'आणि' लिहिताना करंगळी उजव्या शिफ्टकडे आपोआप धावायची. शेवटी व्हीआयएमध्ये उजवी शिफ्ट बंदच केली. दाबली तर काही होत नाही, म्हणून हात शिकला. अंगठ्याने शिफ्ट धरून त्याच डाव्या हाताने आ, इ, ए देणं आधी अवघडल्यासारखं वाटत होतं, दहाव्या दिवशी लक्षातही येईनासं झालं. तिसऱ्या आठवड्यात वेग पूर्वीइतका झाला. त्या काळात मी दोनच कामं घेतली होती, तेवढी तयारी ठेवा. मुदत डोक्यावर असताना हे करू नका.

मनगटाची कड आता ठणकत नाही. शिफ्ट हलवल्यापासून फरक पडला, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण पहिला आठवडा ॲलिसवरही शिफ्ट जुन्याच जागी होती आणि दुखणं तसंच होतं. रात्रीचा बधिरपणा मात्र कीबोर्डने नाही गेला. खुर्चीच्या हातांना जाड फोम गुंडाळला, झोपताना कोपराला टॉवेल बांधून ते सरळ ठेवायला लागले, तेव्हा कमी झाला. अजून महिन्यातून दोन-तीनदा जाग येते. व्यायाम सुरूच आहेत.

खिद्रापूर_ते_खेड
ताई, मी लिपिकाच्या परीक्षेची तयारी करतोय, मराठी ३० शब्द प्रतिमिनिट करायचे आहेत. मीही अंगठ्यावर शिफ्ट घेऊ का?

कृष्णाकाठ
परीक्षा होईपर्यंत नको. परीक्षा केंद्रावर साधाच कीबोर्ड असणार आणि तिथे शिफ्ट करंगळीखालीच असेल. तोपर्यंत मागचे पाय दुमडा, कोपराखाली मऊ काहीतरी ठेवा, अर्ध्या तासाने उठा. माझी भाचीही त्याच परीक्षेला बसते आहे. तिला मी टीव्हीएस दिला आहे. सकाळी तिच्या खोलीतून खट् खट् ऐकू येतं. आणि शिळाछाप दादा, तुमचं म्हणणं ध्यानात ठेवून दर रविवारी मी तिच्या शेजारी बसून अर्धा तास त्याच्यावर टाइप करते. अजून एकदाही 'ामि' झालेलं नाही.